आठवं कॉलेज

११ मे

सात! बोटांवर दोनदा मोजली. सातच.

मेडिकलच्या अर्जात एक प्रश्न आहे – 'आजवर ज्या ज्या कॉलेजात नाव घातलंत ती सगळी लिहा, एका विषयापुरतं घातलं असलं तरी.' सगळी! आणि तिथले सगळे गुण एकत्र मोजणार. रकाने दिलेत तीन. खाली 'आणखी जोडा' असं बटण आहे. ते दाबत बसले.

पोर्टलंड – फोटोग्राफी, सहा महिने. फ्लोरिडा – एक सत्र. समुद्रात बुड्या मारायच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून जीवशास्त्रात जाऊन बसले, आणि तेच आवडलं. कोलोरॅडोत दोन, कारण पहिलं डोंगराच्या चुकीच्या बाजूला होतं. न्यू मेक्सिको – मातीची भांडी. ओरेगॉन – तिथे काय शिकले ते आता आठवत नाही, पाऊस तेवढा आठवतो. आणि शेवटचं आमचं इथलं, नदीकाठचं. पलीकडे कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं, मध्ये साडेसातशे पोरांचं कॉलेज. डिग्री मिळाली ती इथेच. चार वर्षं रुग्णवाहिकेवर काम करत करत, कशीबशी नव्हे – चांगली मिळाली!

लिहिताना खिडकीबाहेर बघितलं तर मूस हरीण कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं. प्राचार्यांच्या जागेवर. ते जाईपर्यंत बघत बसले. अर्ज राहिला तसाच.

१२ मे

ओनेझिमला सांगितलं. आमची गाडी तो चालवतो, मागे पेशंटपाशी मी. एकसष्टीचा आहे, पण जिभेला गंज नाही.

"सात?" म्हणाला. "अगं, सात नवरे म्हणाली असतीस तर एखाद्याने समजून घेतलं असतं. सात कॉलेजं!"

"शेवटचं टिकलं ना पण."

"शेवटचा नवराही टिकतोच. पळायची ताकद संपलेली असते."

हसून हसून ऑक्सिजनच्या नळकांड्यांची मोजणी चुकले. पुन्हा मोजली.

१५ मे

फाबियेन आली! माझी मावसबहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बॉस्टनकडच्या त्या कॉलेजात असते, ज्याचं नाव मावशी चर्चमध्ये जरा मोठ्याने घेते. तीही यंदाच मेडिकलला अर्ज करणार. तिचा त्या प्रश्नाचा एकच रकाना भरणार. एकच! सुटसुटीत.

दोघी नदीवर गेलो, नेच्याचे कोवळे कोंब खुडायला, भाजीसाठी. यंदा भरपूर आलेत. गुडघ्यापर्यंत चिखल. ती अजून माझ्यापेक्षा भरभर खुडते – कॉलेजने तेवढं बिघडवलेलं नाही तिला.

जेवताना मावशीने सुरू केलंच. "हिच्या कॉलेजातून मेडिकलला अर्ज करणाऱ्यांपैकी शंभरात त्र्याण्णव लागतात. छापलेलं आहे त्यांच्या पुस्तिकेत. पहिल्या पानावर!" मग माझ्याकडे वळून, आवाज जरा मऊ करून – आजाऱ्याशी बोलतात तसा – "आपल्या इथल्या कॉलेजातून किती लागतात गं?"

"शंभरात शंभर," मी म्हटलं.

चमचे थांबले.

"गेल्या वर्षी एकीने अर्ज केला. लागली."

पापाला ठसका लागला. मामाँने पाठीवर थापट्या मारल्या, पण तीही हसत होती. फाबियेन सगळ्यात जास्त हसली. प्लोयची – आमच्या घावनांची – चळत संपली तरी आम्ही टेबलावरच. (मामाँच्या प्लोयना आज जाळी फार सुरेख पडली होती. बकव्हीटचं पीठ नवीन आणलंय.)

ती निघताना मात्र दारात हळूच म्हणाली, "मिरे, खरं सांग, भीती नाही वाटत? इथलं नाव बाहेर कुणी ऐकलेलं नाही."

वाटते. तिला 'नाही' म्हटलं.

१८ मे

सूसीबाईंकडे गेले. आमच्या जीवशास्त्राच्या बाई. मेडिकलला जाणाऱ्या सगळ्यांची शिफारसपत्रं त्याच लिहितात, दोन बोटांनी टंकून. सल्लागार त्याच, समिती त्याच, आणि प्रयोगशाळेतल्या बेडकांना खायलाही त्याच घालतात.

सरळ विचारलं. "बाई, कॉलेजच्या नावाने काही फरक पडतो का?"

"पडतो," म्हणाल्या. मला वाटलं होतं 'छे छे' म्हणतील! "मोठं नाव दिसलं की वाचणारा फाइल थोडी जास्त वेळ हातात धरत असेल. चांगल्या प्रयोगशाळा असतात तिथे, ओळखीचे लोक असतात. पण पुढे आतलं वाचावंच लागतं त्याला. गुण काय, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत काय केलं, आणि ही मुलगी इतके दिवस करत काय होती."

"माझे गुण –"

"तुझे गुण चांगलेत. परीक्षा तर इतकी चांगली गेली की मी दोनदा फोन करून खात्री केली. तुझी अडचण नावाची नाही, मिरे, संख्येची आहे. त्यांना वाटेल ही बाई येईल, वसतिगृहाच्या खिडकीतून बाहेर बघेल, आणि जाईल."

हे मात्र लागलं. कारण मी तेव्हा खिडकीतूनच बाहेर बघत होते.

२१ मे

अरे देवा.

सकाळी गाडी धूत होते. अंगात माझं ते कातडी एप्रन, पाणी आत येत नाही म्हणून धुताना तेच घालते. ओनेझिम नळी धरून उभा. म्हणाला, "चार वर्षं बघतोय, हे धूड आणलंस कुठून?"

"व्हरमाँटहून. घोड्यांना नाल ठोकायला शिकत होते तेव्हा –"

आणि माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

आठवं! आठवं कॉलेज! एकविसाव्या वर्षी. छोटंसं, डोंगरातलं, दोन वर्षांचे अभ्यासक्रम आणि तबेला. रीतसर नाव घातलं होतं. तीन आठवडे गेले. मग गावात जत्रा आली, आणि आकाशपाळणा चालवायला माणूस हवा होता त्यांना, आणि मी गेले त्यांच्याबरोबर. कुणाला सांगितलं नाही. नाव काढलं नाही. म्हणजे तिथे अजून मी वर्गात आहे! म्हणजे तिथे माझ्या नावापुढे –

"नापास," ओनेझिम म्हणाला. "पण लिहितेस कशाला? घोडा थोडाच येऊन सांगणारे!"

त्याच्या नळीचं पाणी दोघांच्या बुटांत गेलं. मला हसूही येईना.

अर्जाच्या तळाशी सही आहे. वर दिलेलं सगळं खरं, काही लपवलेलं आढळलं तर प्रवेश रद्द. नंतरही. कधीही.

२२ मे

सात की आठ? दिवसभर काही सुचलं नाही. मामाँच्या रेडिओचं झाकण उघडून आत बघितलं. आता तो वाजत नाही.

२३ मे

दुपारी एका आजोबांना आणायला गेलो. चक्कर येऊन पडले होते. मी विचारलं, कुठली औषधं घेता? म्हणाले, रक्तदाबाची, बस्स. बायको मागून डोळे वटारतेय. "अजून काही?" नाही. "आजोबा, एकूण एक गोळी सांगा. मी रागावणार नाही. पण जी सांगणार नाही तीच आम्हाला नडेल." तेव्हा कबूल झाले – शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या. तीन दिवसांपासून! त्याला लागू पडतात तर मला का नाही, म्हणे.

त्यांना पोहोचवून परत येताना ओनेझिम माझ्याकडे आरशातून बघत होता. त्याला बोलायची गरजच नव्हती, मीच बोलले होते सगळं.

गाडी लावली आणि व्हरमाँटला फोन केला.

तिकडून एक बाई – मिसेस प्राउटी. "नाव सापडलं," म्हणाल्या. "पण गुणपत्रिका देता येत नाही. अडवलेली आहे."

"का?"

"एक एप्रन परत आलेलं नाही."

२८ मे

व्हरमाँट! पोस्टाने एप्रन पाठवता आलं असतं. पण दोन दिवस सुट्टी होती, आणि पोस्टाचं काय खरं. सरळ गाडी काढली. कार्यालय मंगळवारी आणि गुरुवारी, बारापर्यंत उघडं. पहाटेच निघाले होते, दहाला सहज पोहोचले असते. पण वाटेत झाकलेला लाकडी पूल लागला, त्याच्याखाली एक माणूस मासे पकडत होता, त्याने मला गळाला पिसांची खोटी माशी बांधायला शिकवलं. मग चीजवाली बाई लागली. मग एक कुत्रा चुकीच्या दिशेने चालला होता, त्याला घरी सोडलं.

पोहोचले तेव्हा बारा वीस.

दाराला कुलूप. मी पायरीवर बसले, मांडीवर एप्रन. स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या. ही, हीच ती बाई – येईल, बाहेर बघेल आणि जाईल. पुन्हा सुट्टी मिळेपर्यंत अर्ज महिनाभर लांबणार, आणि जागा तर आधी आलेल्या अर्जांनीच भरतात.

"ते एप्रन आमचं आहे का?"

मिसेस प्राउटी. तबेल्यातून येत होत्या, कोपरापर्यंत बाह्या वर, केसांत गवत. कार्यालय बंद झाल्यावर घोड्यांकडे बघतात. मी उभी राहिले, एप्रन पुढे केलं, जत्रेपासून सगळं सांगून टाकलं. एका दमात.

त्या एप्रन उलटंसुलटं करून बघत राहिल्या. "रोज वापरलंयस," म्हणाल्या.

"गाडी धुवायला. रुग्णवाहिका."

"सहा वर्षांत अठरा एप्रनं गेली आमची. परत आलेलं हे पहिलं." मग म्हणाल्या, "गुण बदलता येणार नाहीत बरं. नापास ते नापास."

"बदलायला नाही आले."

"ठीक. मग जरा ही घोडी धर. किल्ली शोधते."

अर्धा तास घोडीचा पाय मांडीत धरून उभी होते. तांबूस रंगाची, म्हातारी, सगळा भार माझ्यावर टाकून डुलक्या घेत होती. इतका आनंद मला का झाला कुणास ठाऊक! सोडून गेले तेव्हाही इथे इतकं सुंदर होतं, हे मला दिसलंच नव्हतं. सगळं बघितलं होतं, दिसलं नव्हतं.

गुणपत्रिका मिळाली. बंद पाकीट, शिक्का, एक ओळ. एक एफ.

४ जून

अर्ज गेला. आठ रकाने. मी बटण दाबताना ओनेझिमने हॉर्न वाजवला, त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

१४ जून

फाबियेन अचानक घरी. आईकडे नाही गेली, माझ्याकडे आली. जिन्यात बसून राहिली. बूटही काढेना.

तिच्या कॉलेजने पत्र द्यायला नकार दिला.

मला आधी कळेचना. कसलं पत्र? तर त्यांच्याकडे पद्धत अशी – समिती बसते, प्रत्येकाची फाइल बघते, आणि कॉलेजतर्फे एकच मोठं शिफारसपत्र देते. त्या पत्राशिवाय अर्ज केला तर मेडिकलवाले विचारतात, का बरं दिलं नाही? म्हणजे पत्र नाही तर अर्ज नाही. तिला सेंद्रिय रसायनशास्त्रात एकदा कमी पडले होते. 'एक वर्ष थांबा' म्हणाले तिला. तिच्यासारखे अजून एकोणीस जण. पहिल्या वर्षाला डॉक्टर व्हायचं म्हणून आलेले तर दोनशेच्या वर होते, बरेचसे वाटेतच गळले.

"म्हणजे त्र्याण्णव टक्के –" मी म्हटलं.

"– पत्र मिळालेल्यांतले," ती म्हणाली. "जे गळणार असं वाटतं त्यांना दारातच थांबवतात. मग राहिलेले लागतातच." आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "अगं, मी त्यांच्या पुस्तिकेत आहे! दुसऱ्या पानावर. फोटोत. सूक्ष्मदर्शकात बघतेय!"

मग दोघीही हसलो. रडतही होतो. शेजारची बाई दार उघडून बघून गेली.

वाईट लोक नाहीत ते, फाबियेन म्हणते. तिथे शिकली ते तिला कुठेच मिळालं नसतं, असंही म्हणते. खरंच असेल. पण तिला थांबवायला अख्खी समिती होती, आणि मला इथे एकट्या सूसीबाई. त्यांनी मला अडचण सांगितली आणि पत्रही लिहिलं.

मावशीला सांगायला दोघी मिळून गेलो. मावशीने चष्मा लावला. मग म्हणाली, "पुस्तिकेचं पान कुठंय? दुसरं. बघू फोटो." आणि तो कापून फ्रिजवर लावला.

२ जुलै

सूसीबाईंनी फाबियेनला बोलावून घेतलं. रसायनशास्त्राचा उन्हाळी वर्ग इथे, आमच्याकडे. "बेडकांना खायला घालायलाही माणूस हवाच होता," म्हणाल्या.

आता तिचीही दोन कॉलेजं झाली! मी तिला हार घातला. डँडेलियनचा.

२० ऑगस्ट

फाबियेन रुग्णवाहिकेचं शिक्षण घेतेय. ओनेझिम तिला गाठी मारायला शिकवतो. मला म्हणाला, "हिला एकदा सांगितलं की कळतं. तुला तीनदा सांगावं लागायचं, कारण दोनदा तू ढग बघत असायचीस."

२६ सप्टेंबर

मुलाखतीचं पत्र आलं! एकाच ठिकाणहून, पण आलं! मामाँने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने बेकरीत. दुपारी पेशंटच मला म्हणाला, अभिनंदन. पाय मोडलेला होता त्याचा.

८ ऑक्टोबर

इथे शाळा बंद, सगळी पोरं बटाटे काढायला शेतांत, रस्ताभर ट्रॅक्टर. मुलाखतीला त्यांच्या मागून मागून गेले, तरी वेळेवर पोहोचले. वाटेत कुठेही थांबले नाही! एके ठिकाणी गरम हवेचे फुगे उडत होते. थांबले नाही.

समोर एक डॉक्टरीणबाई. आधी गुण, मग परीक्षा, मग पानं उलटत राहिल्या. मी मोजत होते – आठ पानं.

"घोड्यांचे नाल?"

"हो."

"नापास?"

"तीन आठवड्यांत सोडलं. जत्रेतला आकाशपाळणा चालवायला माणूस हवा होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि इथे तिसऱ्या आठवड्यात जत्रा आली तर?"

उत्तर पाठ केलं होतं मी. फाबियेनने करून घेतलं होतं – जबाबदारी, परिपक्वता, सगळं. एक शब्द आठवला नाही.

"बघायला जाईन," मी म्हटलं. "संध्याकाळी परत येईन."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"आमच्या गावात दर ऑगस्टला येते," मी म्हटलं. "चार वर्षं गाडीवर आहे. एकदाही ड्युटी चुकवली नाही. त्या पाळण्यावरून एकदा माणूस पडला होता, त्यालाही मीच आणलं."

हसल्या की नाही, सांगता येत नाही. काहीतरी लिहिलं त्यांनी.

९ ऑक्टोबर

ओनेझिमला सगळं सांगितलं. "बघायला जाईन म्हणालीस!" कपाळावर हात मारला त्याने. मग जरा वेळाने, बटाट्याच्या ट्रकमागे अडकलेलो असताना – "परत येईन पण म्हणालीस ना? मग झालं."

३० नोव्हेंबर

काही नाही.

२२ डिसेंबर

काही नाही. बर्फ भरपूर. फाबियेनने पहिल्यांदा एकटीने पेशंट सांभाळला. परत आली तर चेहरा असा, जणू तिनेच बाळ जन्माला घातलं. घातलंच होतं जवळजवळ – मुलगी, तीन किलो, गाडीतच!

९ फेब्रुवारी

तळ्यावर होतो. बर्फाला भोकं पाडून मासे पकडायची स्पर्धा. मी, फाबियेन, ओनेझिम, पापा. माझ्या गळाला काहीतरी ओढ लागली आणि त्याच क्षणी खिशात फोन वाजला. काय करणार? गळ फाबियेनच्या हातात दिला.

"डॉक्टर व्हायचंय ना अजून?" तिकडून आवाज. ती डॉक्टरीणबाई.

मी काय बोलले आठवत नाही. म्हणतात मी बर्फावर आडवी झाले. ओनेझिमला वाटलं फिट आली, माझी नाडी बघायला लागला. "लागली! लागली!" फाबियेन ओरडली – तिने एका हाताने मासा बाहेर काढला होता आणि दुसऱ्या हाताने माझी टोपी हवेत फेकली होती. टोपी भोकात गेली. पापा रडत होता आणि म्हणत होता की वारं झोंबतंय.

मासाही मोठा होता. दुसरा नंबर आला.

१९ सप्टेंबर. साडेतीन वर्षांनी

खोली बदलताना ही वही सापडली, म्हणून यातच लिहिते. मेडिकलचं चौथं वर्ष आहे माझं इथे. फाबियेन दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वर्षाला.

निवड समितीत शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी घेतात. यंदा त्यातली एक मी. आज पहिली फाइल हातात आली. मुलगी. कॉलेज एकच, नाव कुणीही ओळखेल असं. सगळीकडे ए. कुठे भरकटणं नाही, कुठे खाडा नाही.

"फक्त एकच कॉलेज?" माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. नाकही मुरडलं असणार, कारण टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तो रकाना अंगठ्याने झाकला, आणि पुन्हा तिच्या नावापासून वाचायला घेतलं.